बाईची पडताळणी

बाई, तुला जाऊन बारा वर्षं होऊन गेली, आणि एवढ्या वर्षांत या एका गोष्टीबद्दल मी तुझ्याशी मनातल्या मनातही बोलले नाही. बाकीचं सगळं बोलते. नातवंडांच्या नोकऱ्या, माझी रिटायरमेंट, नाशिक रोडच्या फ्लॅटमधलं पाणी, भाऊनं आपल्या खाचरात लावलेला भाताचा नवा वाण. तुझ्याबद्दल कुणी विचारलं तर सांगते की माझी आई घोटीकडची. आम्ही तिला आई म्हणालोच नाही, घरात सगळे बाई म्हणायचे म्हणून आम्हीही बाईच. चौदाव्या वर्षी लग्न होऊन आली, सहा बाळंतपणं, त्यातली दोन लेकरं तिनं स्वतःच्या हातांनी मातीत ठेवली. चिखलात वाकून भाताची आवणी करता करता पाठीला कायमची कमान आली. ऐंशीपर्यंत जगली, आणि पाय चालत होते तोवर दर रविवारी दीड कोस चालत चर्चमध्ये मिस्सेला जाणारी कॅथलिक बाई होती. यातलं शेवटचं वाक्य मी नोकरीत असेपर्यंत कधीच कुणाला सांगितलं नाही.

खोट्याची तुला किती चीड, ते मला दहाव्या वर्षी कळलं. त्या साली पावसानं मध्येच दडी मारली होती. आपलं खाचर भेगाळायला लागलं होतं आणि वरच्या बांधाच्या खाचरात मात्र घोटाभर पाणी. दुपारी कुणी नाही असं पाहून मी खुरप्यानं त्यांचा बांध कापला आणि पाणी आपल्याकडं घेतलं. मला वाटलं, तू शाबासकी देशील. तू आलीस, भरलेलं खाचर पाहिलंस आणि विचारलंस, "पानी कसं आलं?" मी म्हटलं, खेकड्यांनी बांध पोखरला. तू वर जाऊन बसकण मारून बांध पाहिलास. "खेकड्याचं बीळ गोल आस्तंय. हे पात्यानं कापल्यालं हाय." मग माझं मनगट धरून तू मला त्यांच्या घरापर्यंत नेलंस. अंगणाच्या कडेला उभी केलीस, कारण त्याच्या आत जायची आपल्याला मुभा नव्हती, आणि मोठ्यानं सांगायला लावलंस. त्या घरची काकूच ओशाळली. "जाऊ द्या, लेकरू हाय," ती म्हणाली. "लेकरू हाय म्हनूनच," तू म्हणालीस. परत आल्यावर बांध तूच बुजवलास. मी रडत चिखलाचे गोळे आणून देत होते आणि तू एकदाही माझ्याकडं पाहिलं नाहीस.

आणि तरी माझ्या सगळ्या नोकरीच्या मुळाशी एक खोटा शब्द होता. तो आपण कुणी बोललो नव्हतो. आबांनी आपल्या लेकीला शाळेत घातलं तेव्हा मास्तरांनी जात विचारली. आबांनी सांगितली. धर्म कोणता ते विचारलंच नाही, आणि मास्तरांनी आपणहून रजिस्टरमध्ये लिहिलं, 'हिंदू महार'. तोच शब्द दाखल्यावर आला, दाखल्यावरून जातीच्या प्रमाणपत्रावर, आणि प्रमाणपत्रावरून मला राखीव जागेवर क्लार्कची सरकारी नोकरी लागली. ख्रिस्ती झालेल्याला ती सवलत नाही, हे मला अर्ज भरतानाच ठाऊक होतं. तुला ते ठाऊक होतं की नाही, हे मी विचारलं नाही. ऑर्डर आली त्या आठवड्यात तू घोटीच्या बाजारात जाऊन आबांच्यासारखी मोठी, वाकड्या मुठीची काळी छत्री घेऊन आलीस. "पोरगी हाफिसात जाती. इरलं घिऊन जाईल का?" असं वाटेत भेटेल त्याला सांगत आलीस. ऑफिसातल्या बायका त्या छत्रीला हसायच्या. मी ती अकरा वर्षं वापरली.

मग पडताळणी आली. माझे मिस्टर जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, आबाही नव्हते, थोरला आठवीत आणि धाकटी सातवीत. ऑफिसनं राखीव जागेवरच्या सगळ्यांची प्रमाणपत्रं तपासायला पाठवली आणि मला कळवण्यात आलं की सोमवारी चौकशीसाठी माणूस मूळ गावी, घरी येईल. मी शनिवारच्या बसनं आले. येताना नाशिक रोडच्या बाजारातून खंडोबाचा फोटो आणला होता, वर्तमानपत्रात गुंडाळून. तू ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत होतीस. मी सगळं सांगितलं. तू ऐकून घेतलंस.

"मंग म्या काय करायचं म्हंतीस?"

"भिंतीवरचं सगळं उतरवायचं. मरियामातेचा फोटो, क्रूस, पवित्र हृदयाचं कॅलेंडर. गळ्यातली जपमाळ पण. आणि त्यांनी विचारलं तर..."

"तर?"

"तर नाही म्हणायचं."

सुपावरचा तुझा हात थांबला. "कशाला नाय म्हनायचं? नाव घिऊन सांग."

माझ्या तोंडून ते निघेना. मी म्हटलं, "तुला कळतंय, बाई."

"मला कळतंय. तुला बोलता येतंय का बगत व्हते."

मी चिडले. नोकरी जाईल, वर केस होईल, पोरांची शाळा सुटेल, त्यांना घेऊन इथं येऊन पडावं लागेल, असं भडाभडा बोलले. तू म्हणालीस, "या की. भात हाय." मी ओरडले, "बाई!" शेजारची बाई दारात डोकावून गेली. त्यानंतर तू माझ्याशी बोललीच नाहीस. हो म्हणाली नाहीस, की नाही म्हणाली नाहीस. रात्री जेवायला वाढलंस, माझं अंथरूण घातलंस. वाद नको म्हणून भाऊ शेतावर निघून गेला होता.

रविवारी सकाळी मी उठले तर तू अंगणात चुना भिजवत होतीस. भिंतीवर फोटोच्या जागी फिकट चौकोन राहिले होते आणि क्रूसाच्या जागी क्रूस. मला ते सुचलंच नव्हतं. साठ वर्षांत पहिल्यांदा तू रविवारची मिस्सा चुकवलीस आणि वाकलेल्या पाठीनं पुढची भिंत सगळी चुना लावून पांढरी केलीस. मी ब्रश घ्यायला हात पुढं केला तर तो बाजूला सारलास. फोटो, क्रूस आणि गळ्यातली जपमाळ तू तुझ्या जुन्या लुगड्यात बांधून भाताच्या कणगीत पुरलेस. भात वरून हातानं सपाट केलंस. मी आणलेला खंडोबा चुना वाळल्यावर मीच टांगला. पण सोमवारी तू काय बोलणार, हे तू मला सांगितलं नाहीस, आणि विचारायची माझी छाती झाली नाही. बांधावरचं ते खुरपं मला दोन दिवस आठवत होतं.

साहेब अकराला आले. पन्नाशीचे, थकलेले, बोलायला सभ्य. मी आत चहा ठेवायला गेले आणि दाराआड उभी राहिले. इथून पुढचं मला अजून असं दिसतं, जणू ते आत्ता चाललंय. ते खाटेवर बसलेत, तू खाली, भिंतीला टेकून. नवा चुना तुझ्या पदराला लागलाय. ते विचारतात, "आजी, कुलदैवत कोणतं तुमचं?"

 चहाला उकळी येते. मी ओठांतल्या ओठांत 'नमो मारिया' म्हणतेय. माझ्या आईला खोटं बोलायची बुद्धी दे, असं मी मरियामातेकडं मागतेय.

"खंडुबा," तू म्हणतेस. आणि मग बोलतच सुटतेस. तुझ्या सासूची सासू तळी कशी भरायची, भंडारा कसा उधळायचे, खोबऱ्याचे तुकडे लेकरं कशी पळवायची. यातलं काही तू पाहिलेलं नव्हतंस. माझ्या आजीनं कधीतरी सांगितलेलं, ते तू स्वतःचं करून सांगितलंस. साहेब लिहून घेतात. "घरातलं माणूस गेलं तर जाळता की पुरता?" "पुरतो. आमच्यात आधीपासनं चाल हाय." हे खरं होतं. मग ते उठले आणि कणगीपाशी गेले. "यंदा इंद्रायणी केलं का आजी? वास सुटलाय," म्हणत त्यांनी हात आत घालायला वाकून बाही वर केली. तू न हलता म्हणालीस, "नका घालू सायेब. राख अन् पाला कालवलाय किड्यासाठी, हाताला खाजंल." आणि सुपातले तांदूळ त्यांच्या ओंजळीत दिलेस. ते परत बसले.

"आजी, एक शेवटचं. गावात कुणीतरी सांगत होतं, तुम्ही चर्चमध्ये जाता."

"तितल्या सिस्टर गुडघ्याला औशीद देत्यात. समदं गाव जातंय."

"म्हणजे तुम्ही ख्रिश्चन नाही?"

बाई, तू त्यांच्याकडं पाहिलंस, मग दाराकडं. मी दिसत नव्हते, पण तुला माहीत होतं मी कुठं आहे.

"नाय," तू म्हणालीस.

त्यांनी जबाब वाचून दाखवला आणि सहीसाठी पेन पुढं केलं. तुझे वडील मिशनच्या शाळेत धर्म शिकवायचे. त्यांनी तुला लिहायला शिकवलेलं. वस्तीतली तू एकटी बाई, जी सोसायटीच्या कागदावर पूर्ण नाव लिहायची आणि कुणी शाईचा डबा पुढं केला तर तो मागं सारायची. त्या दिवशी तू म्हणालीस, "मला लिवता येत नाय," आणि अंगठा पुढं केलास.

ते गेल्यावर तू चुलीतल्या राखेनं अंगठा घासलास. बराच वेळ घासलास. मी तुझ्याजवळ जाऊन उभी राहिले. तू म्हणालीस, "झालं न्हवं तुजं काम? जेव आता." पाच महिन्यांनी माझं प्रमाणपत्र वैध ठरल्याचा कागद आला. मी पेढे घेऊन आले. तू एक घेतलास, अर्धा मोडून भाऊच्या पोराला दिलास.

नाताळाला मी पोरांना घेऊन आले होते. सकाळच्या मिस्सेला आपण बरोबर गेलो. ख्रिस्तप्रसाद घ्यायला सगळे उठून रांगेनं पुढं गेले, आणि तू शेवटच्या रांगेत बसून राहिलीस. मी विचारलं तर म्हणालीस, गुडघा दुखतोय. पण ईस्टरलाही तू उठली नाहीस. भाऊ मला बाहेर नेऊन म्हणाला, "ताई, तो साहेब येऊन गेल्यापासून बाई एकदाही पुढं गेलेली नाही. पापनिवेदनालाही नाही."

मी तुला आवणीच्या दिवसांत विचारलं. तू सत्तरीची, तरी रोपांच्या मुठी पुरवायला बांधावर बसलेली. बायका लांब होत्या. पाप कबूल केल्याशिवाय प्रसाद घेता येत नाही, हे मलाही ठाऊक होतं. मी म्हटलं, बाई, फादरांसमोर कबुली दे आणि मोकळी हो. एका शब्दासाठी एवढं कशाला?

"कबुली देयाला पस्तावा लागतो," तू म्हणालीस.

"मग?"

"मला झाला नाय. लय वाट बघितली. प्रार्थनेला बसले की तुजी पोरं डोळ्यांम्होरं येत्यात, दप्तरं घिऊन. मंग बरं वाटतं. बरं वाटल्याचा पस्तावा कसा करायचा? अन् न करता केला म्हनून सांगू फादरला? एकावर दुसरं खोटं?"

मला राग आला. तू मला शिक्षा करतेयस, असं मी तुला म्हणाले. आठवतं ना? चारचौघांत, दर रविवारी, माझ्यापायी तू मागं बसतेस आणि सगळं चर्च बघतं. मला मुद्दाम दाखवतेस. तू मुठीची गाठ सोडत म्हणालीस, "तुला कुटं दाखिवते? तू तर येतच न्हाईस." ते खरं होतं. नाशिक रोडला चर्च ऑफिसच्या वाटेवर होतं आणि मी त्याच्यासमोरून जाताना चालण्याचा वेग वाढवायचे.

अशी नऊ वर्षं गेली, बाई. नऊ वर्षं दर रविवारी तू गेलीस, आधी चालत, मग भाऊच्या मोटरसायकलवर मागं बसून, आणि एकदाही पुढं गेली नाहीस. कुणी विचारलं की गुडघा. घरी रोज जपमाळ. खाचरं, गुरं, नातवंडांची आंघोळ, वहिनीचं बाळंतपण, सगळं तसंच चालू. मी पगाराच्या नोकरीत वर चढत गेले, थोरला इंजिनिअर झाला, धाकटी नर्स. प्रत्येक निकाल तुला येऊन सांगितला आणि प्रत्येक वेळी तुझा चेहरा उजळला. मला तेव्हा वाटायचं, हिनं खरंच सौदा मनापासून केलाय. 

तुझ्या शेवटच्या आठवड्यात म्हातारे फादर आले. सकाळची वेळ, खिडकीतून ऊन तुझ्या पायांवर. मी उठून बाहेर जायला लागले तर तू म्हणालीस, "तिला बसू द्या. तिच्यापासनं काय लपवायचं." मग तू सगळं सांगितलंस, तुटक, दम घेत. फादर म्हणाले, "खोटं बोललीस त्याचं वाईट वाटतं ना, बाई? तेवढं पुरे आहे."

"वाटतं. पन तो मानूस आत्ता आला तर पुन्ना त्येच बोलीन. ह्येला पस्तावा म्हंत्यात का, फादर?"

 दम घेऊन तू म्हणालीस, "गावानं इहिरीवर चढू दिलं नाय, तवा आमाला कुनी धर्म इचारला नाय. जातच बघितली. आता द्यायची येळ आली तर धर्म इचारत्यात. ह्ये बी देवाला सांगा." एवढ्या वर्षांत तुझ्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं.

फादरांनी तुझ्या कपाळाला आणि तळहातांना पवित्र तेल लावलं. मग त्यांनी छोटी डबी उघडली आणि ख्रिस्तप्रसाद तुझ्या ओठांशी नेला. म्हणाले, "घे. मी देतोय." तू ओठ मिटलेस. मान हलवलीस. "देता येत नाय ते देऊ नगा."

तेव्हा फादरांनी माझ्याकडं पाहिलं. मला कळलं. मी एवढंच म्हणायला हवं होतं, की बाई, मी उद्या ऑफिसात जाऊन खरं सांगते, तुझा शब्द परत घे. माझी पोरं कमावती झाली होती. मला नऊ वर्षं राहिली होती नोकरीची. मी खिडकीकडं पाहत राहिले. तू डोळे उघडून माझ्याकडं बघितलंस आणि फादरांना म्हणालीस, "तिला काय इचारू नका."  फादरांनी डबी मिटली, तुझा हात धरला आणि तुझ्याबरोबर जपमाळ म्हणू लागले. दोन दिवसांनी तू गेलीस.

आणि त्यानंतरही मी काय केलं ते तुला माहीत नाही. ऑफिसातल्या लोकांना यायचं होतं. मी फोनवर दफनाच्या दुसऱ्या दिवसाची वेळ सांगितली. तुझी शवपेटी, क्रूस, फादर, गाणी, यातलं त्यांना काही दिसू नये म्हणून. ते दुसऱ्या दिवशी आले, हार घेऊन. मी म्हटलं, गावकऱ्यांनी कालच उरकलं. त्यांनी चहा घेतला, माझं सांत्वन केलं आणि घोटीच्या बाजारातून तांदूळ घेऊन गेले.

रिटायर होऊन आता तीन वर्षं झाली. मी इथल्या चर्चमध्ये जाऊ लागले आहे. कुणी बघायचं राहिलं नाही, म्हणून जाते, हेही कबूल करते. गेल्या शनिवारी पापनिवेदनाला गेले. तीस वर्षांत पहिल्यांदा. इथले फादर तरुण आहेत. मी त्यांना प्रमाणपत्र सांगितलं, तुझा जबाब सांगितला, ऑफिसातल्या लोकांना सांगितलेला खोटा दिवस सांगितला. ते जाळीपलीकडून शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "या सगळ्याचा मनापासून पश्चात्ताप होतो का?"

मी लगेच हो म्हटलं. त्यांनी क्षमा दिली, आणि म्हणाले, आईला एक पत्र लिहा, आणा माझ्याकडं, आपण दोघं मिळून प्रार्थना करू. म्हणून हे लिहायला बसले. पण लिहिता लिहिता पोरांची दप्तरं माझ्याही डोळ्यांसमोर आली, आणि आता हे त्यांना दाखवता येणार नाही. रविवारी मी पुढच्या रांगेतून उठून गेले, बाई, आणि प्रसाद घेतला. पश्चात्ताप मलाही झालेला नाही. मी फक्त हो म्हणाले.